प्रुसिकची गाठ : शल्यवैद्याच्या फासापासून आल्प्सच्या दोरापर्यंत

दोरीची गाठ हा इतिहासलेखनात क्वचित येणारा विषय. गाठ सुटली की पुरावाच नाहीसा होतो आणि ती बांधणारे नाविक, कोळी, गुराखी सहसा लिहीत नसत. आजचा धागा अशा एका गाठीविषयी आहे, जिची लेखी नोंद सुदैवाने दोन टोकांना सापडते.

प्रथम शब्दाचा उलगडा. दोर खुंटाला, कडीला वा ओंडक्याला अडकवणाऱ्या गाठीस ‘हिच’ म्हणतात. त्यातील अगदी साधी ती ‘काऊ हिच’. दोरीचे वेटोळे खांबामागून घ्यायचे आणि उरलेला भाग त्याच वेटोळ्यातून ओवून ओढायचा. किल्लीच्या कडीत गोफ अडकवताना आपण नकळत हीच गाठ घालतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात हेराक्लास नावाच्या ग्रीक वैद्याने शल्यकर्मात लागणारे फास व गाठी शब्दांत वर्णिल्या. त्यांत ही गाठ आहे. चौथ्या शतकात सम्राट ज्युलियनचा वैद्य ओरिबासियस याने हे लेखन आपल्या वैद्यकसंग्रहात उतरवून घेतले, म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले. गाठींचे इतके जुने तपशीलवार वर्णन दर्यावर्दींकडून नव्हे, तर वैद्यांकडून यावे, यात मला नवल वाटत नाही. ज्यांची विद्या पोथीतून शिकवली जात होती, त्यांनीच ते लिहून ठेवले.

आता थेट १९३१. व्हिएन्नातील संगीतशिक्षक व गिर्यारोहक डॉ. कार्ल प्रुसिक (१८९६–१९६१) यांनी एक गाठ प्रसिद्ध केली. बारीक दोरीचा बंद फेरा घ्यायचा आणि मुख्य दोराभोवती काऊ हिच घालायची; मात्र एका वेढ्यावर न थांबता फेरा स्वतःमधूनच तीनदा फिरवायचा. वेढे एकमेकांवर चढू न देता शेजारी-शेजारी बसवायचे. भार नसताना ही गाठ दोरावर हाताने सरकते. भार येताच वेढे आवळतात आणि ती जागीच पकडते. (पहिल्या महायुद्धात वाद्यांच्या तुटलेल्या तारा जोडताना त्यांना ती सुचली, अशी कथा सांगतात. कथा सुरेख आहे. मी तिला आख्यायिकाच मानतो.)

याचे महत्त्व हिमनदीवर कळते. भेगेत पडलेला माणूस तोवर वरच्यांच्या बाहुबळावर अवलंबून असे. आता असे दोन फेरे, एक कमरेला व एक पायाला, आलटून पालटून सरकवत तो स्वतःच दोर चढू शकत होता.

जुलै १९३६. आयगरच्या उत्तर भिंतीवरून माघार घेताना चार तरुणांपैकी तिघे मरण पावले. टोनी कुर्झ एकटाच दोरावर लटकत उरला. एक हात गोठलेला. दुसऱ्या दिवशी वाटाडे खाली येऊन ठेपले. कुर्झने आपल्या दोराचे पीळ उलगडून, ते जोडून, लांब दोरी केली आणि खालून नवा दोर वर ओढून घेतला. या कामात त्याचे कित्येक तास गेले. तो दोर अपुरा पडला म्हणून वाटाड्यांनी त्याला दुसरा जोडला होता. उतरताना ती जोडगाठ त्याच्या कॅरॅबिनरमध्ये अडकली. ती काही केल्या पुढे सरकेना. बचावपथकाच्या अगदी जवळ, दोरावरच त्याने प्राण सोडला.

आज अशी जोडगाठ पार करण्याचे तंत्र शिकवतात. गाठीच्या वर प्रुसिक बांधून भार त्यावर घ्यायचा, उपकरण सोडवून गाठीखाली पुन्हा लावायचे. पण त्यासाठी दोन चालते हात हवेत. कुर्झला ‘हे जमले असते तर’ असे घरी बसून म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

सह्याद्रीत पावसाळी रॅपलिंग करणाऱ्यांच्या कमरेलाही हा फेरा राखीव म्हणून असतो. साधारण १० ते ११ मिलिमीटरच्या दोरावर ६ मिलिमीटरची दोरी चालते; दोन्ही सारख्या जाडीच्या असतील तर पकड बसत नाही. घसरताना घाबरून गाठ मुठीत आवळू नये, कारण मुठीतली गाठ माणसासोबतच खाली सरकत जाते. आणि दोर ओला किंवा बर्फाळ असेल, तर चौथा वेढा द्यावा.