पाठ शेकायची तर

शेकोटी माणसाला एका वेळी अर्धाच शेकते. गुडघे भाजत असतात आणि पाठीवर कुणी ओलं फडकं टाकावं तसा गारठा चढत असतो. मग उठायचं आणि तव्यावरची भाकर उलटावी तसं स्वतःला उलटायचं. एटापल्लीतल्या आमच्या अंगणात यासाठी एक कायदा होता: आगीकडे पाठ करायची तर गोष्ट सांगायची. त्यामुळे लहानपणी ऐकलेल्या बहुतेक गोष्टी मी माणसांच्या पाठीकडे बघत ऐकल्या आहेत.

२०१८ च्या डिसेंबरातला शेवटचा आठवडा. २९ तारखेला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला. आमच्याकडे थंडी मोजायला आजीचा खोकला होता. तो संध्याकाळी सुरू व्हायचा आणि कोंबडा आरवेपर्यंत चालायचा. तिला बाहेरच्या हवेत आणू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यात वीज गेलेली. शेकोटीभोवती आम्ही पाच-सहा जण बसलो होतो, पण आजीची जागा तशीच मोकळी सोडली होती. कुणी ठरवून सोडली नव्हती, तरी तिथं कुणी सरकेना.

तेवढ्यात कुंपणापलीकडून तादो आला. माडिया बोलीत तादो म्हणजे आजोबा. आमच्या आळीत तो सगळ्यांचाच तादो. बसता बसता म्हणाला, “पिनी.” म्हणजे थंडी. मग आगीकडे बोट करून म्हणाला, “किस.” म्हणजे आग. यापलीकडे त्या आठवड्याबद्दल बोलण्यासारखं नव्हतंच. कुणी हसलं नाही. तादोनं घराच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि उठून पाठ फिरवली.

गोष्ट आमच्या आजाची होती. आजा १९५५ साली ब्रह्मपुरीकडून इथं आला तो लाकडाच्या डेपोतला मुन्शी म्हणून. आलापल्लीच्या सागाच्या ओंडक्यांवर नंबर घालायचं काम. पहिल्याच हिवाळ्यात तरुण तादोनं त्याला शेकोटीवर विचारलं, “तू किती देवांचा?” माडियांत चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे अशी कुळं असतात. ज्यांचे देव सारखे ते भाऊ. त्यांच्यात लग्न होत नाही. बाकीचे सोयरे, आणि सोयऱ्याची थट्टा करायची मुभा असते. नव्या माणसाची थट्टा करता येईल की नाही, एवढंच तादोला पाहायचं होतं. आजा ऐटीत म्हणाला, “आम्ही तेहतीस कोटींचे.”

तादोनं बराच वेळ विचार केला म्हणे. मग म्हणाला, “एवढे देव तर इथं कुणाचेच नाहीत. म्हणजे तुला भाऊ एकही नाही. आम्ही सगळेच तुझे सोयरे!” त्या रात्रीपासून अख्ख्या आळीनं आजाची जी थट्टा सुरू केली, ती तो जाईपर्यंत थांबली नाही.

आजानंही ती परत केली. १९५६ मध्ये चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि २६ ऑगस्ट १९८२ ला आमचा गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. आजा म्हणायचा, “बसल्या जागी तीन राज्यं आणि दोन जिल्हे फिरलो, एस.टी.चं तिकीट न काढता. थंडीला मात्र कुणी हद्दपार केलं नाही.”

एक लाकूड आत सरकवून तादो सुरजागडाकडे वळला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्या डोंगरावर ठाकुरदेवाची यात्रा भरते. भर गारठ्यात माणसं पोराबाळांसह चढतात. आता त्याच डोंगरातून लोहखनिजाचे ट्रक उतरतात. यात्रेतल्या शेकोट्यांवर इंग्रजांशी लढलेल्या बाबुराव शेडमाक्यांची गोष्ट निघते. इंग्रजांनी त्यांना २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. जुनी माणसं सांगतात, की दोर तुटला, पुन्हा बांधला, पुन्हा तुटला. तादो इथं नेहमी थांबतो आणि म्हणतो, “दोर विकणारा नक्की आपला सोयरा असणार.”

या वेळी कुणीतरी हलकेच हसलं.

पण तादो आगीला फार लाडावून ठेवत नाही. अंगावर धडुतं नसायचं तेव्हा माणसं आगीला चिकटून झोपायची, झोपेत वळताना भाजायची. १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तिथं आलेले डॉक्टर प्रकाश आमटे माडियांची उघडी अंगं बघून स्वतः बंडी आणि अर्धी चड्डी घालू लागले. “आमच्याकडे कापड नाही म्हणून आम्ही उघडे,” तादो म्हणाला, “याच्याकडे आहे, तरी हा उघडा! आम्ही म्हटलं, हा डॉक्टर बरा होईल का?”

आता सगळे हसले. माझीही पाठ बर्फ झाली होती. मी उठलो. मला आजीचीच गोष्ट येत होती.

आजी झाडीपट्टीतली, वडशाकडची. तिकडं दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्रभर नाटक. लोक तणस अंथरून, घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसतात. “आजी लहान असताना,” मी अंधाराकडे तोंड करून सुरुवात केली, “पुसाच्या महिन्यात एका नाटकात राजा मेला. राणी छाती पिटून रडतेय आणि मेलेला राजा थंडीनं थडथड उडतोय. त्याचे दात वाजताहेत. शेवटी राणीनं रडता रडता आपला शेला त्याच्यावर टाकला…”

“शेला नाही रे!”

आवाज आतून आला. पाठोपाठ खोकला. आम्ही सगळे गप्प. खोकला संपायची वाट बघत राहिलो.

“शेल्यानं कुठं थंडी जाते?” आजी म्हणाली. “पुढं बसलेल्या माझ्या बापानं आपली घोंगडी फेकली. आणि मेलेल्या राजानं ती हात लांबवून तोंडावर ओढून घेतली!”

तादो इतका हसला, की त्याला तोल सावरायला मातीवर हात टेकावा लागला.

“आणि मग?” मी दाराकडे वळून विचारलं.

“मग काय? बाप रातभर कुडकुडला. सकाळी राजा घोंगडी परत द्यायला घरी आला, चहा पिऊन गेला.” थोडं थांबून ती म्हणाली, “गोष्ट मी सांगितली ना? मग आता माझी पाठ शेका. गोरसीत निखारे भरून आणा इकडं.”