सात कॅसेट आणि २५६ एमबी

कोकणी मुसलमानांचा इतिहास म्हटला की जंजिरा, सिद्दी, अरब व्यापारी आणि गलबतं येतात. टेपरेकॉर्डर येत नाही. पण १९७० नंतर तेलाच्या पैशानं आखातात कामं निघाली, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनकडची माणसं विमानानं जाऊ लागली आणि परतताना टू-इन-वन घेऊन आली. फिलिप्सनं १९६३ साली बाजारात आणलेली ही कॅसेट आमच्याकडे गाणी ऐकण्याइतकीच पत्रासाठी वापरली गेली. ज्या बायकांना लिहिता येत नव्हतं त्या बोलून पाठवू लागल्या.

१९८४ साली माझ्या खालाचं लग्न झालं. मामू कुवेतला होते, त्यांना रजा मिळाली नाही. म्हणून नानीनं हळदीची अख्खी रात्र टेप करून घेतली: ढोलकी, टाळ्या, दहाबारा बायकांचा आवाज, मध्येच रडणारं पोर. साठ मिनिटांची एक, अशा सात कॅसेट भरल्या. पहिल्या कॅसेटची प्रत काढून ती कुणाच्या तरी हाती कुवेतला गेली. मूळ सातही घरी राहिल्या आणि आमच्या खाऱ्या, दमट हवेत दर पावसाळ्यात त्यांवर पांढरी बुरशी चढत राहिली.

२००६ साली मी त्या मुंबईत नेऊन संगणकावर उतरवल्या. दुकानदारानं विचारलं, किती केबीपीएसवर? माझ्याकडे २५६ एमबीचा पेन ड्राइव्ह होता. १२८ वर सात तास म्हणजे चारशे एमबी, मावणार नाही. ६४ वर दोनशे, मावेल. मी ६४ म्हटलं. घरी येऊन दोन गाणी ऐकली, ठीक वाटली आणि कॅसेट फेकून दिल्या. बुरशीचा वास येत होता.

मी काय केलं ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. सीडीवर आवाजाची सेकंदाला ४४,१०० मोजमापं होतात, प्रत्येक १६ बिटचं, दोन्ही बाजूंचं. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. एमपीथ्री हे ओझं कमी करते ते आपल्या कानाच्या एका कमजोरीवर. मोठ्या आवाजाखाली जवळच्या सुराचा बारीक आवाज दबतो, आपल्याला ऐकूच येत नाही. मग तो पूर्ण तपशिलानं साठवायचा कशाला? जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रँडनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र घडवलं. सुझान व्हेगाचं वाद्याशिवाय गायलेलं एक गाणं ते चाचणीसाठी वापरत, कारण आधीच्या आवृत्त्यांत तिचा आवाज बिघडत असे. १९९५च्या जुलैत या फाइलींना ‘एमपीथ्री’ हे नाव मिळालं.

या तंत्राला नावं ठेवण्याची फॅशन आहे, ती मला पटत नाही. पनवेलजवळ पळस्प्याला उस्ताद झिया मोहिउद्दीन डागरांनी गुरुकुल उभारलं. मोठे भोपळे, जाड तारा असलेली त्यांची रुद्रवीणा; एक स्वर छेडला की तो कितीतरी वेळ विरत जातो. लॉसलेसचा कैवार घेणाऱ्यांना यापेक्षा चांगला साक्षीदार कुठला? मी त्यांचा एक आलाप सीडीवरून फ्लॅकमध्ये घेतला, त्याचीच ३२० केबीपीएसची एमपीथ्री केली आणि मुलाला सांगितलं, कुठली लावतोस ते न सांगता लाव. दहा वेळा ओळखायचा प्रयत्न केला. पाच वेळा बरोबर आलो. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं.

चांगल्या ध्वनिमुद्रणाला भरपूर बिट दिले की ते टिकतं. मार खातं ते आमच्या हळदीसारखं. कॅसेटची खरखर म्हणजे निव्वळ गोंधळ. त्यात पुढे काय येईल याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून तिलाच पुष्कळ बिट लागतात. टाळी किंवा ढोलकीची थाप अचानक येते. एमपीथ्री आवाजाचे छोटे तुकडे पाडून हिशेब करते, त्यामुळे थापेच्या आधीच तिची अंधुक सावली ऐकू येते. ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरं तर स्वभावानं खरखरीच्याच जातीची. बिट कमी पडले की खरखर पाण्यासारखी खळखळते आणि ही अक्षरं तिच्यात वाहून जातात. आमच्या बोलीतले जे शब्द आता कुणी वापरत नाही, नेमके तेच मला त्या फाइलींत लागत नाहीत. विचारायला नानी नाही. त्या रात्री गाणाऱ्यांपैकी एकजणही आता नाही.

तीन वर्षांपूर्वी मामूंच्या कपाटात कुवेतला गेलेली ती प्रत सापडली. प्रतीत मूळ कॅसेटपेक्षा खरखर जास्त असते, शिवाय ही टेप २००६ पेक्षा कितीतरी जुनी झालेली, म्हणजे तुलना एमपीथ्रीच्याच बाजूनं झुकलेली. तरी या वेळी मी ती कसलीही काटछाट न करता उतरवून फ्लॅकमध्ये ठेवली आणि दोन्ही फाइली हेडफोन लावून ओळीनं ऐकल्या. तिसऱ्या गाण्यात एमपीथ्रीत नुसता ढोलकीखाली काहीतरी बुडबुडा आहे. टेपवर तिथे नानी बोलतेय. गाणाऱ्यांना थांबवत नाही, टेपरेकॉर्डरच्या अगदी जवळ येऊन हळूच मामूंना सांगते की हे कडवं तुझ्या नावाचं आहे, आणि नवरीच्या शेजारी कोण कोण बसलंय त्यांची नावं घेते. अकरा नावं आहेत. नऊ मला लागली.

उरलेल्या सहा कॅसेटमध्ये ती कुठे कुठे बोलली असेल ते मी शोधतो. बुडबुडा आला की वेळ लिहून ठेवतो. आतापर्यंत चौदा जागा झाल्या. फ्लॅक २००१ पासून उपलब्ध होतं. ते माहीत नसतं तरी चाललं असतं, कारण सात तास कसलाही संकोच न करता साठवायला साडेचार जीबीच्या आत जागा पुरते. तेव्हा दुकानदाराच्या टेबलावर कोऱ्या डीव्हीडींची चळत होती. एका डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतं.