गोंद, गोंदिया आणि बारा ओळी

गोंदियात घरी बसून दूरच्या कंपनीसाठी लिनक्सवर काम करणाऱ्या माझ्या भाच्याने, यंत्राच्या नोंदवहीतून चुकांच्या ओळी वेचून त्यांची मोजदाद रोज सकाळी आपल्यापुढे मांडणारा जो बारा ओळींचा खासगी प्रोग्राम लिहिला आहे, त्याची मी तारीफ करू लागलो, तेव्हा तो संकोचून म्हणाला, "मामा, यात माझं काही नाही. ग्रेप, सॉर्ट, युनिक, सगळे प्रोग्राम आधीचेच आहेत. हा नुसता ग्लू आहे." ग्लू म्हणजे गोंद; आणि हे उद्गार ज्या शहरात निघाले त्याचे नाव गोंदिया! त्या दिवसापासून या शब्दाने मला सोडलेले नाही.

शहराचे नाव गोंड लोकांवरून पडले असे एक मत आहे. भोवतालच्या अरण्यातून गोंद आणि लाख येथे विक्रीस येई, सबब गोंदिया, असे दुसरे. आणि तो माल आणणारे गोंडच होते असे सांगून दोन्ही पक्षांना राजी राखणारे तिसरेही आहे. माझा कौल निःसंशय गोंदाला. गोंडवाना, गोंडी या शब्दांत ज्या लोकांच्या जिभेने 'ड' शाबूत ठेवला, त्यांनी याच एका गावी त्याचा 'द' का करावा? यावर प्रतिपक्ष म्हणतो की इंग्रजी लेखनात ड आणि द यांना एकच अक्षर, त्यामुळे साहेबाच्या दप्तरात घोटाळा झाला असावा. असेल, पण गाव आपले नाव बाजारात शिकते, दप्तरात नव्हे. मराठीत गोंदाला डिंक म्हणतात हा आक्षेप मात्र वजनदार आहे. त्याला माझे उत्तर एका झाडाचे आहे: जिच्या फळातील चिकट गराने मुले कागद चिकटवीत, त्या गोंदणीला मराठीने कोठे डिंकणी म्हटले आहे?

आता यंत्राकडे वळू. 1969 साली युनिक्स, 1973 साली एका प्रोग्रामाचे फलित दुसऱ्याच्या तोंडी देणारा पाइप, 1991 साली लिनक्स, हा इतिहास सर्वश्रुत आहे. पाइपची कल्पना डग मॅकिलरॉय यांनी 1964च्या एका टिपणात बागेत पाणी घालण्याच्या रबरी नळीच्या उपमेने मांडली, म्हणून या छोट्या प्रोग्रामांचे कूळ नळीपासून सांगण्याची रूढी पडली. ती मला मान्य नाही. नळी समान तोंडांनाच जोडते. विजातीय वस्तू सांधायला गोंदच लागतो. शिवाय गोंदाचा मान वडीलकीचाही आहे. एमआयटीतील सीटीएसएस या यंत्रप्रणालीवर लुई पूझँ या फ्रेंच गृहस्थाने 1963-64च्या सुमारास रनकॉम नावाचा प्रोग्राम रचला. एका फाइलीत हुकूम ओळीने लिहून ठेवावेत आणि यंत्राने ते क्रमाने बजावावेत, एवढेच त्याचे कार्य. भाच्याच्या बारा ओळी याहून निराळे काय करतात? याच पूझँने पुढे अशा हुकूमबरदार प्रोग्रामाला 'शेल' हे नाव दिले.

रनकॉमचा एक थेंब अजूनही वाळून चिकटलेला आहे. लिनक्स वापरणाऱ्याच्या घरफोल्डरात 'बॅशआरसी' नावाची जी फाइल दडलेली असते, तिच्यातील 'आरसी' कोणी 'रन कंट्रोल'चे लघुरूप मानतात, कोणी आणखी काही. परंतु युनिक्स घडवणाऱ्यांपैकी खुद्द केर्निगन आणि रिची यांनी ते रनकॉमचेच असल्याची साक्ष दिली आहे, तेव्हा तो मुकदमा निकालात निघाला असे मी धरतो. पुढे 1998 साली, टीसीएल ही भाषा रचणाऱ्या जॉन ऑस्टरहाउट यांनी अशा भाषांचे कार्य आधीच तयार असलेले घटक जोडणे हेच होय असे एका लेखात सविस्तर प्रतिपादन केले, आणि ग्लू हे नामाभिधान प्रतिष्ठित झाले.

माझा दुसरा, शहराच्या नावाचा मुकदमा मात्र अद्याप प्रलंबित आहे. गोंदिया, आमगाव, सालेकसा, देवरी या भागातील ज्या घरांत आजोबा-पणजोबांच्या अडतीच्या वह्या असतील, त्यांनी त्यांत गोंदाच्या वजनाची नोंद आणि शहराच्या नावाचे मोडी किंवा बाळबोध लेखन शोधावे, आणि तेथे 'ड' आढळला तरीही मला कळवावे.