नारळीकरांचे गुरुत्वाकर्षण

कृष्णपुऱ्यात जयंत नारळीकरांविषयी बोलायचे तर सुरुवात केंब्रिजपासून नको, बनारसपासून करावी. जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. पण ते वाढले बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. आपल्याला हे वेगळे सांगायला नको. वडील विष्णु वासुदेव नारळीकर तेथे गणिताचे विभागप्रमुख आणि आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षतेचे अभ्यासक. शिक्षणासाठी घरी राहिलेले मोरूमामा हुजूरबाजार फळ्यावर भाच्यासाठी गणित लिहून ठेवीत. ते सुटेपर्यंत किंवा भाच्याने हार मानेपर्यंत पुसले जात नसे.

विश्व प्रसरण पावते आहे, हे १९२९मध्ये हबल यांच्या निरीक्षणांतून पुढे आले. मग त्याला आरंभ होता का? फ्रेड हॉईल यांना आरंभ मान्य नव्हता. त्यांचे शिष्य झालेल्या नारळीकरांनी त्यांच्याबरोबर १९६४मध्ये गुरुत्वाकर्षणाचीच नवी मांडणी केली. तिचे बीज माख यांच्या विचारात होते: वस्तूचे जडत्व तिचे एकटीचे नसते, ते विश्वातील इतर सर्व वस्तूंमुळे येते. भरल्या घरातल्या माणसाच्या वजनासारखेच म्हणा ना! रिकाम्या विश्वात एकट्या कणाला वस्तुमानच उरत नाही.

आता प्रसरणाकडे येऊ. दूरच्या दीर्घिकांच्या वर्णपटातील रेषा तांबड्या बाजूला सरकलेल्या दिसतात. अवकाश ताणले जाते म्हणून, असे आपण एरवी म्हणतो. हॉईल-नारळीकर सिद्धांतात हीच गोष्ट उलट बाजूने सांगता येते. अवकाश स्थिर धरा आणि कणांचे वस्तुमान काळाबरोबर वाढू द्या. पूर्वी इलेक्ट्रॉन हलके होते, म्हणून तेव्हाच्या अणूंनी सोडलेला प्रकाश अधिक तांबडा. तोच आज आपल्यापर्यंत पोचतो आहे. गणिताच्या दृष्टीने दोन्ही वर्णने समतुल्य.

१९६५मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी पद्मभूषण मिळाले. 'आपल्या माणसाने आइन्स्टाइनला मागे टाकले' असे आपण कौतुकाने म्हणतो. ते खरे नाही, आणि तसे म्हणण्यात त्यांचाही मान नाही. तरुण स्टीफन हॉकिंग यांनी दाखवले की प्रसरणाऱ्या विश्वात या सिद्धांतातील वस्तुमानाची बेरीज अनंत होते. त्याच १९६५मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना सापडलेले सूक्ष्मलहरींचे प्रारण जाहीर झाले आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३मध्ये हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी सिद्धांताला नवे रूप दिले, पण त्या प्रारणाचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण फारसे कोणाला पटले नाही. मलाही ते ओढूनताणून आणलेले वाटते.

मात्र १९९८मध्ये प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे आढळले. स्थिर स्थितीच्या विश्वाची तीच अपेक्षा होती. एवढ्याने जुना सिद्धांत सिद्ध होत नाही. बहुतेकांनी अदृश्य 'कृष्ण ऊर्जा' मानली. पण काहींना वाटते की नवी ऊर्जा कल्पिण्याऐवजी गुरुत्वाकर्षणाचे समीकरणच बदलून पाहावे, आणि ते काम आजही चालू आहे. नारळीकरांचे निधन २० मे २०२५ला पुण्यात झाले; महास्फोटावरचा आक्षेप त्यांनी अखेरपर्यंत मागे घेतला नव्हता.