डासाची कुणकुण

दक्षिण वेल्समध्ये समुद्रकाठी बॅरी नावाचे एक गाव आहे. २००५ साली तेथील एका दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर एक लहानशी पेटी बसवण्यात आली. दुकान रोजच्या किराणामालाचे, ‘स्पार’ या साखळीतले. संध्याकाळ झाली की दाराशी पोरे जमतात, सिगारेटी ओढतात, येणाऱ्या गिऱ्हाइकांना टोमणे मारतात, अशी दुकानदाराची तक्रार होती. पेटी सुरू झाली आणि पोरे पांगू लागली. काही जण आत येऊन, हा आवाज बंद करा, म्हणून विनवू लागले. दुकानदाराने त्यांना सांगितले की बर्ड फ्लूची साथ आहे, पक्षी दूर राहावेत म्हणून हे यंत्र लावले आहे. स्वतः दुकानदाराला त्या आवाजातले काहीही ऐकू येत नव्हते.

हा प्रसंग तेव्हाच्या वृत्तपत्रांत गमतीची बातमी म्हणून छापून आला. आम्ही मात्र त्यातल्या शेवटच्या तपशिलापाशी थबकलो. शिक्षा करणाऱ्याला आपली शिक्षा निदान जाणवते, हे आपण गृहीत धरून चालतो. छडी उगारणाऱ्या मास्तरांना तिचा सपकारा ऐकू येत असे, आणि क्वचित त्यामुळेच त्यांचा हात आवरला जात असे. या यंत्राच्या बाबतीत तो आवरणारा कानच मालकापाशी नव्हता.

यंत्राचे नाव ‘मॉस्किटो’, म्हणजे डास. त्याचा जनक हॉवर्ड स्टेपलटन, वेल्समधल्याच मर्थर टिडफिलचा. लहानपणी वडिलांबरोबर एका कारखान्यात गेलो असता तेथील ध्वनिलहरींवर चालणाऱ्या जोडयंत्रांचा आवाज सहन होईना, आणि मोठ्या माणसांना मात्र कसला आवाज तेच कळेना, ही आठवण तो या शोधाच्या मुळाशी असल्याचे सांगत असे. पेटीतून साधारण १७ किलोहर्ट्झ वारंवारतेचा, थांबून थांबून येणारा टोकदार ध्वनी निघे. माणसाचा कान २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो असे पाठ्यपुस्तके सांगतात, पण ही वरची मर्यादा कोवळ्या कानाची आहे. आतल्या कानातील शंखाकृती नळीच्या तोंडाशी असलेल्या रोमपेशी उंच स्वर टिपतात, आणि सर्वांत आधी झिजतात त्याच. विशी उलटली की वरचे स्वर एकेक करून निसटू लागतात. निसटलेला स्वर आपल्याला ऐकू येत नाही हेही आपल्याला ऐकू येत नसल्याने, त्याची चुकचुकसुद्धा वाटत नाही.

ही गोष्ट स्टेपलटनच्या आधी सव्वाशे वर्षे एका इंग्रज गृहस्थाने नोंदवून ठेवली होती. फ्रान्सिस गाल्टन हा चार्ल्स डार्विनचा नातलग. मोजता येईल ते सारे मोजण्याचा त्याला नाद. १८७६च्या सुमारास त्याने एक बारीक शिट्टी तयार केली. तिची लांबी स्क्रूने कमीजास्त करून स्वर माणसाच्या कानाच्या पलीकडे नेता येई. ही शिट्टी त्याने हातातल्या काठीच्या टोकाशी बसवली, मुठीशी रबराचा फुगा ठेवला आणि तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात फिरू लागला. पिंजऱ्यापाशी काठी न्यायची, फुगा दाबायचा आणि प्राण्याने कान टवकारले का ते पाहायचे. मांजरे या परीक्षेत पहिली आली. लहान कुत्री वळून पाहत, मोठी पाहत नसत. स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात रस्त्यावर लोळणाऱ्या मोठ्या कुत्र्यांपुढे त्याने तासन्‌तास शिट्टी वाजवली, पण एकानेही दाद दिली नाही. पुढे ‘कुत्र्याची शिट्टी’ म्हणून जी प्रसिद्ध झाली ती हीच.

आमच्या विषयाशी संबंध आहे तो गाल्टनने माणसांवर केलेल्या प्रयोगांचा. त्याचे निष्कर्ष १८८३ साली ‘इन्क्वायरीज इन्टू ह्यूमन फॅकल्टी’ या पुस्तकात आले. वय वाढते तसे उंच स्वर ऐकण्याची शक्ती घटते, आणि ज्याची घटली त्याला पत्ताच नसतो, असे त्याने लिहिले. भिन्न वयांच्या मंडळींची बैठक जमवून शिट्टी वाजवण्यात त्याला विशेष मौज वाटे. तरुण म्हणत, ऐकू येते. आपल्याविषयी पूर्ण समाधानी असलेले वडीलधारे, आपल्याला काही कमी ऐकू येते, ही कल्पनाच सहन न होऊन रागावत. हा परिच्छेद खेळकर आहे, पण त्याच पुस्तकात गाल्टनने ‘युजेनिक्स’ हा शब्द प्रथम वापरला, हे वाचकाने विसरू नये. माणसांच्या देहातले फरक मोजायचे आणि मग त्या मापाने माणसे वेगळी काढायची, या दोन पायऱ्या त्या एकाच पुस्तकात जवळजवळ आहेत. बॅरीच्या भिंतीवरची पेटी आपल्या परीने या दोन्ही पायऱ्या चढली. तिने वय मोजले आणि त्या वयाचा माणूस बाजूला काढला. तो सिगारेट ओढत होता की आईने सांगितलेली पावाची लादी आणायला आला होता, हे पाहण्याची सोय तिच्यात नव्हती.

थोडे विषयांतर करतो. जुने काचनळीचे दूरचित्रवाणी संच ज्यांना आठवतात त्यांना हेही आठवेल, की शेजारच्या खोलीत संच लावला आणि आवाज पूर्ण बंद ठेवला, तरी मुलांना ते कळत असे. आपल्याकडच्या संचांमध्ये चित्राच्या ओळी सेकंदाला १५,६२५ वेळा रेखल्या जात, आणि त्या कंपनाची एक बारीक शीळ संचातून निघे. अभ्यासाच्या वेळी टीव्ही चोरून पाहणाऱ्या थोरल्यांचे बिंग आम्ही भावंडांनी या शिळेवरून फोडल्याचे स्मरते. तेव्हा त्या ऐकण्यात एक छोटे वर्चस्व होते. पुढे ती शीळ कधी नाहीशी झाली ते आमच्यापैकी कोणालाही सांगता येणार नाही. संचच गेले, त्यामुळे पडताळाही राहिला नाही.

असो. पेटी २००५ सालीच, आणि ब्रिटनमध्येच का आली, याला कारण आहे. निरुद्देश उभे राहणाऱ्यांविषयी इंग्लंडच्या कायद्याला वाटणारी धास्ती जुनी. १८२४च्या भटकेपणाविषयीच्या कायद्यातील एका कलमाखाली, गुन्ह्याच्या हेतूने रेंगाळतो असा संशय आला तरी पोलिसांना अटक करता येई. या कलमाचा जाच कृष्णवर्णीय तरुणांना इतका झाला की १९८१ साली, ब्रिक्स्टनच्या दंगलीच्या वर्षी, ते रद्द करावे लागले. परंतु धास्ती गेली नाही. १९९८च्या कायद्याने ‘समाजविघातक वर्तन’ हा नवा प्रवर्ग आणला. २००३च्या कायद्याने ठरावीक भागांत दोन किंवा अधिक जणांचा घोळका पांगवण्याचे, आणि रात्री नऊनंतर सोळा वर्षांखालील एकट्यादुकट्याला घरी पोहोचवण्याचे अधिकार पोलिसांना दिले. यातल्या दुसऱ्या अधिकारात बळाचा वापर बसतो का, यावर एका पंधरा वर्षांच्या मुलाने २००५ साली न्यायालयात दाद मागितली आणि तो जिंकला. पुढल्याच वर्षी अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. मे २००५मध्ये केंट परगण्यातील ब्लूवॉटर या प्रचंड बाजारसंकुलाने टोपीवाले सदरे घालून वावरण्यास मनाई केली. याच हवेत मॉस्किटोचा जन्म झाला. कायद्याला न्यायालयात उत्तर द्यावे लागते, पेटीला ते द्यावे लागत नव्हते.

ध्वनीने माणसे हाकलण्याचा प्रयोग मात्र त्याहून जुना आहे, आणि साहित्य-संगीताच्या अध्यापकांनी त्याकडे पाहावे असे आम्हांस वाटते. १९८०च्या दशकात कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सेव्हन-इलेव्हन दुकानांनी वाहनतळावर रेंगाळणाऱ्या पोरांसाठी अभिजात संगीत लावले. २००३ साली लंडनच्या भुयारी रेल्वेने एल्म पार्क स्थानकात तेच केले. २००६ साली सिडनीजवळच्या रॉकडेलच्या नगरपालिकेने बॅरी मॅनिलोची गाणी लावली. अभिजात कलेने अभिरुची घडते, या श्रद्धेवर आपल्या अभ्यासक्रमांचा डोलारा उभा आहे. या स्थानकांत तीच कला, तरुणांना ती नकोशी वाटणार, या खात्रीने वाजवली जात होती. मोत्सार्ट ऐकून एखादा पोरगा तिथेच मांडी ठोकून बसला असता तर प्रयोग फसला, असे म्हणावे लागले असते. तरीही या प्रकारात एक किमान समता होती: स्थानकप्रमुखालाही तेच ऐकावे लागे.

मराठीत मोठ्यांनी लहानांना वळणावर आणण्याचा व्यवहार बहुतेक कानाशी जोडलेला आहे. कानउघाडणी होते, कानपिचक्या मिळतात, चार गोष्टी कानावर घातल्या जातात. पण यातल्या प्रत्येक क्रियेत मोठ्या माणसाला समोर यावे लागते, तोंड उघडावे लागते, आणि उलट उत्तर ऐकण्याचा धोका पत्करावा लागतो. कट्ट्यावर बसलेल्यांना ‘काय रे, घरदार नाही का तुम्हाला?’ असे खेकसणारा म्हातारा आपल्या ओळखीचा आहे. तो त्रासदायक खरा, परंतु मुलांना तो निदान बोलण्याजोगा समजतो. डासाच्या पेटीने खेकसण्याचेही कष्ट वाचवले.

मुलांनी उत्तर दिलेच. तो आवाज त्यांनी उचलला आणि फोनमध्ये भरला. २००६च्या उन्हाळ्यापर्यंत ‘टीन बझ’ नावाची रिंगटोन अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कच्या वर्गांत पोहोचली होती. शिक्षक फळ्याकडे वळलेले असताना संदेश आल्याची खूण सगळ्या वर्गाला कळे, त्यांना कळत नसे. ज्या बधिरतेच्या भरवशावर मुलांना दारातून हुसकले, तिच्याच आडोशाला मुलांनी वर्गात आपली बोली थाटली. स्टेपलटनच्या कंपनीनेही मग स्वतःची रिंगटोन विकायला काढली. त्या वर्षीचे शांततेचे ‘इग नोबेल’ हे थट्टेचे पारितोषिक त्याला मिळाले ते या दोन्ही करामतींसाठी. कारखानदाराने विष आणि उतारा एकाच दुकानात ठेवावा, तसे हे झाले.

न्यूयॉर्कच्या शाळांनी काय केले ते पाहण्याजोगे आहे. शहराच्या सरकारी शाळांत फोन आणण्यास आधीपासून मनाई होती. एप्रिल २००६पासून धातुशोधक यंत्रे अचानक शाळाशाळांतून फिरू लागली आणि फोन जप्त होऊ लागले. पालक चिडले, ११ सप्टेंबर २००१ची सकाळ विसरायला पाच वर्षे पुरेशी नव्हती. ते न्यायालयात गेले आणि २००८मध्ये हरले. ज्या शाळांच्या दाराशी धातुशोधक कायमचा होता, आणि त्या बहुतेक गरीब वस्त्यांतल्या होत्या, तेथील मुले रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या मालमोटारींत रोज एक डॉलर देऊन फोन ठेवत. बाकी शाळांतली मुले फोन खिशात ठेवत आणि शिक्षक काणाडोळा करत. नियम कागदावर एकच होता, तरी त्याचे भाडे भरावे लागले ते काहींनाच. मार्च २०१५मध्ये ही बंदी उठली. सप्टेंबर २०२५पासून न्यूयॉर्क राज्यभर, पहिल्या तासापासून शाळा सुटेपर्यंत, स्मार्टफोनला पुन्हा मनाई झाली आहे. या वेळच्या वादात कानाचा प्रश्न नाही. आताच्या फोनला लक्ष वेधायला वाजावे लागत नाही. सध्याच्या बंदीमागची चिंता आम्हांला पटते, कारण तिचे परिणाम आम्ही वर्गात पाहतो. परंतु मालमोटारींची ती रांग आठवली की बंदी कोणाच्या दारात किती कडक, हे विचारावेसे वाटते.

इकडे ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २००८मध्ये इंग्लंडचे बाल-आयुक्त अल एन्सली-ग्रीन आणि ‘लिबर्टी’ ही नागरी हक्कांची संस्था यांनी पेटीविरुद्ध मोहीम उघडली. तोवर देशात सुमारे ३,५०० पेट्या लागल्याचा अंदाज होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने आपल्या निरीक्षणांत तिचा उल्लेख केला. २०१०च्या जूनमध्ये युरोप परिषदेच्या संसदीय सभेने तिच्या विक्रीवर व वापरावर बंदी घालण्याची शिफारस केली. ब्रिटनमध्ये सरसकट बंदी आली नाही. पेटीने कोणाला इजा होत नाही, नुसता वैताग येतो, हा विक्रेत्यांचा युक्तिवाद राहिला.

या युक्तिवादात आम्हांस खटकते ते असे. वैताग किती, हे ठरवणारे मंत्री, नगरसेवक, दुकानदार यांपैकी जवळजवळ कोणालाच तो आवाज ऐकू येत नव्हता. एरवी जिचा शब्द कोणी प्रमाण मानत नाही त्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांची साक्ष हाच एकमेव पुरावा होता, आणि ती पोरे तर आरोपी. त्याहून धाकटे साक्षीदार तर बोलणारेच नव्हते. बाबागाडीतले मूल दुकानाच्या दाराशी किंचाळू लागले, तर भूक लागली असेल म्हणून आईने गाडी तिथेच थांबवावी, हे अगदी शक्य होते. गाल्टनच्या बैठकीतले वडीलधारे निदान रागावले तरी. आपण ऐकत नाही असा आरोप झाल्याचे त्यांना समजले होते.

२०१९ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात सुमारे ३० सार्वजनिक उद्याने व क्रीडाकेंद्रांत या पेट्या रात्री वाजत असल्याच्या बातम्या आल्या. बाके, झोपाळे आणि पेटी, तिन्ही बसवली ती महापालिकेनेच. यंत्राच्या नव्या आवृत्तीत आणखी एक सोय आहे: १७ किलोहर्ट्झच्या जोडीला ८ किलोहर्ट्झची. ती निवडली की तो आवाज कोणत्याही वयाच्या माणसाला ऐकू येतो, पेटी लावणाऱ्यालासुद्धा.