निर्धास्तपणाचा इतिहास

संकटांचाही एक भूगोल लोकांच्या मनात पक्का ठरलेला असतो. पूर कोकणात, दुष्काळ मराठवाड्यात, भूकंप हिमालयात आणि टोर्नेडो अमेरिकेच्या मोकळ्या माळरानावर! ढगातून सोंड सोडून जमीन घुसळीत जाणारे हे वादळ शहरात शिरत नाही, उंच इमारती त्याला अडवितात, ही समजूत तर अनेकांना शास्त्रीयही वाटते. १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीत तिचा निकाल लागला. विद्यापीठाच्या परिसरातून असे वादळ काही मिनिटांत निघून गेले आणि २८ माणसे दगावली. ज्या ढगातून ते उतरते तो दहा-पंधरा किलोमीटर उंच असतो. त्याच्यापुढे चार-सहा मजल्यांची काय मातब्बरी? शहरे क्वचित सापडतात ती एवढ्याचसाठी, की शेतशिवाराच्या मानाने त्यांनी व्यापलेली भूमी थोडी आहे.

क्वचित घडणे म्हणजे न घडणे नव्हे. हा धडा महाराष्ट्राला वादळाने नव्हे, भूकंपाने दिला, आणि त्याची किंमत मराठवाड्याने मोजली.

दख्खनचे पठार प्राचीन व स्थिर असून त्याला मोठ्या भूकंपाचे भय नाही, अशी धारणा दीर्घकाळ रूढ होती. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगर हादरले; परंतु तेथे धरणाच्या जलाशयाकडे बोट दाखविता आले. अपवादाला कारण सापडले आणि नियम शाबूत राहिला. पुढे देशाच्या भूकंपविषयक नकाशात लातूर परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागातच होता. १९९२ च्या ऑक्टोबरात किल्लारीच्या आसपास धक्के बसले, त्यांचीही नोंद झाली. पण पुढे ते शमले आणि भीतीही शमली.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. औसा तालुक्यातील किल्लारी, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर आणि त्यांच्या शेजारची गावे जमीनदोस्त झाली. सरकारी गणनेनुसार ७,९२८ माणसे मरण पावली.

माणसे मारली ती मात्र घरांनी. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर लाकडी तुळयांवर मातीचा थर चढविलेले माळवद, ही येथील प्रतिष्ठित बांधणी. उन्हाळ्यात ती गारवा देई. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ती सिद्ध झाली होती. पण तो अनुभव ऊन-पावसाचा होता, हादऱ्यांचा नव्हता. भिंतीची आतली व बाहेरची बाजू एकमेकींत गुंतविणारे लांब दगड बहुधा नसत. धक्क्याबरोबर भिंती फुगून ढासळल्या. कित्येक ठिकाणी लाकडी खांब उभेच राहिले आणि भिंतींनी घरधन्यांना गाडले. हलक्या झोपड्यांतील गरीब तुलनेने बचावले.

भूवैज्ञानिकांनी पुढे तेथे खोल छिद्रे घेतली, तेव्हा किल्लारीच्या काळ्या दगडाचा थर सुमारे ३४० मीटर जाडीचा आढळला. त्याखाली अतिप्राचीन खडक आहे. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत हिमालयाशी भिडतो, त्या रेट्याचा ताण सबंध द्वीपकल्पात साठतो आणि जुन्या दुबळ्या जागी कधीतरी मोकळा होतो. दोन घटनांमधील काळ एवढा मोठा असू शकतो की लोकस्मृतीत पहिलीचा मागमूस उरत नाही. आठवण नसणे हा अभयाचा पुरावा ठरत नाही, तो इथे.

२००२ साली नकाशा बदलला. पहिला विभागच रद्द झाला आणि लातूर तिसऱ्या विभागात गेले. पुनर्वसनाच्या कामात घरांच्या भिंतींतून सिमेंट-काँक्रीटचे पट्टे फिरले. पण धडा किल्लारीपुरताच मानला गेला काय, ही आम्हांस चिंता वाटते. २००६ च्या अखेरीपासून नांदेड शहरातच सौम्य धक्के बसू लागले, जमिनीतून आवाज येऊ लागले. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा सकाळी नांदेडकर घराबाहेर आले. यावरून उद्या मोठा भूकंप होईल असे कोणी सांगू नये. तसे भाकीत करण्याची विद्या अद्याप जगात नाही. पण होणारच नाही, असे सांगण्याचीही विद्या कोणापाशी नाही.

शहराला तर हा प्रश्न अधिकच लागू आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत कित्येक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील अनेकींचा तळमजला वाहनांसाठी नुसत्या खांबांवर मोकळा सोडलेला होता. तशाच इमारती आज नांदेड-लातुरात उभ्या राहत आहेत. घर घेताना आपण फरशी पाहतो, दिशा पाहतो, बाजारपेठ किती जवळ तेही पाहतो. त्या खालच्या खांबांचा हिशेब कोणा अभियंत्याने भूकंप धरून केला आहे काय, एवढेही विचारावे.