न्यू फॉरेस्टची तट्टे आणि कुंपण नसलेला रस्ता

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, साउदॅम्प्टन आणि बोर्नमथ या दोन शहरांच्या दरम्यान, हीदरच्या झुडपांनी भरलेले एक विस्तीर्ण माळरान आहे. रात्री तेथील रस्त्यावरून जाताना मोटारीच्या दिव्यांत अचानक एक घोडी दिसते, डांबरी रस्त्याच्या अगदी मधोमध. शेजारी तिचे शिंगरू. रस्त्याला कुंपण नाही, जनावराला दावे नाही, जवळपास राखण्या नाही. पाहणाऱ्यास हे रानटी घोडे वाटतात. वस्तुतः त्यांतील प्रत्येक तट्टाला मालक आहे, आणि ते तेथे उभे आहे ते चुकून नव्हे, हक्काने. हा हक्क कोठून आला, याची ही कथा.

प्रथम नावाविषयी. 'न्यू फॉरेस्ट' आता नवे राहिलेले नाही आणि ते सर्वत्र अरण्यही नाही. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मंडीच्या विल्यमने १०७९ च्या सुमारास हा प्रदेश स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवला. १०८६ च्या 'डूम्सडे बुक' या महसुली पाहणीत तो 'नोव्हा फोरेस्टा' म्हणून येतो. त्या काळी 'फॉरेस्ट' हा वृक्षांचा नव्हे, कायद्याचा शब्द होता. जेथे राजाचा वनकायदा चाले ते फॉरेस्ट, मग तेथे ओकची दाटी असो वा उघडा माळ. विल्यमने येथील गावे आणि चर्चे उद्ध्वस्त केली, असे पुढच्या बखरकारांनी रंगवून लिहिले. आधुनिक इतिहासकारांना त्यात बरीच अतिशयोक्ती दिसते, कारण येथील रेताड, नापीक जमिनीवर तेवढी वस्ती पोसलीच नसती. विल्यमचाच मुलगा, दुसरा विल्यम, ११०० मध्ये याच अरण्यात शिकारीच्या वेळी बाण लागून मेला, तेव्हा लोकांनी त्याला बापाच्या पापाचे फळ मानले.

कायदा मात्र खरोखरच कठोर होता. राजाच्या हरणांना मोकळेपणी फिरता यावे म्हणून शेतकऱ्याने स्वतःच्या शेतालाही भक्कम कुंपण घालायचे नाही. हरणामागे धावू नयेत म्हणून मोठ्या कुत्र्यांच्या पुढच्या पायाची नखे छाटली जात. लिंडहर्स्टच्या न्यायसभेत आजही एक जुनी रिकीब टांगलेली आहे. तिच्यातून पार होईल एवढे लहान कुत्रे या शिक्षेतून सुटे, अशी परंपरा सांगतात. पण कुंपण नाही तर पीक नाही, आणि पीक नाही तर पोट कसे भरावे? म्हणून रहिवाशांना माळावर गुरे आणि तट्टे चारण्याची, शरद ऋतूत डुकरे सोडण्याची मुभा राहिली. थोडक्यात, राजाच्या चैनीची ही भरपाई होती. १२१७ च्या 'अरण्याच्या सनदे'ने वनकायद्याची धार बोथट केली. हरीण मारल्याबद्दल जीव किंवा अवयव गमावण्याची शिक्षा तिने रद्द केली. 'मॅग्ना कार्टा'ची कीर्ती हिच्या वाट्याला आली नाही, परंतु गरिबाच्या चुलीशी हिचाच संबंध अधिक होता.

पुढील शतकांत राजांची हौस बदलली. हरणांपेक्षा आरमारासाठी लागणारे ओकचे लाकूड मोलाचे ठरले. १६९८ च्या कायद्याने सागवडीसारखी ओकची लागवड करण्यासाठी माळाचे तुकडे कुंपणात गेले. नेल्सनचे आवडते जहाज 'अ‍ॅगमेम्नॉन' १७८१ मध्ये येथल्याच बकलर्स हार्डच्या गोदीत पाण्यात उतरले.

खरे संकट आले ते १८५१ मध्ये. सरकारने हरणे काढून टाकण्याचे कबूल केले आणि त्या बदल्यात आणखी १०,००० एकर जमीन कुंपणात घेण्याचा अधिकार मिळवला. चराईचे हक्कदार, ज्यांना तेथे 'कॉमनर' म्हणतात, हादरले. ज्या हरणांमुळे त्यांचे पूर्वज गांजले, त्याच हरणांमुळे माळ मोकळा राहिला होता! चळवळ सुरू झाली. १८७१ मध्ये हेन्री फॉसेट या दृष्टिहीन खासदाराने संसदेत ठराव आणून नव्या कुंपणांना अडसर घातला. हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडणाऱ्या खर्चाचा सतत जाब विचारल्यामुळे 'हिंदुस्थानचा खासदार' म्हणून ओळखला गेला तो हाच फॉसेट. अखेर १८७७ च्या कायद्याने नवी कुंपणे थांबली आणि 'व्हर्डरर' हे जुने राजाधिकारी कॉमनरांच्या हक्कांचे रक्षक बनले.

येथे क्षणभर थांबून दिनदर्शिका पाहावी. १८७७ नंतर लगेच १८७८. त्या वर्षी त्याच साम्राज्याने 'भारतीय वन कायदा' केला. राखीव जंगलात बंदोबस्ताच्या वेळी ज्याने दावा मांडला नाही, त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट संपली. चराई आणि सरपण हे हक्क न राहता सरकारी सवलत झाले. वनखात्याने डोंगर, दऱ्या आणि गायराने गिळल्याची तक्रार महात्मा फुले यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये केली, ती याच धोरणाविरुद्ध. हॅम्पशायरच्या शेतकऱ्यापाशी मत होते, वकील होते आणि शेजारी जमीनदारही त्याच्या बाजूचे होते. सह्याद्रीतल्या धनगरापाशी यांपैकी काय होते?

आज न्यू फॉरेस्टमध्ये चराईचा हक्क माणसाला नव्हे, घराला किंवा जमिनीला चिकटलेला असतो. मालक दर जनावरामागे वार्षिक शुल्क भरतो. त्याची खूण म्हणून व्हर्डररांचे 'अ‍ॅजिस्टर' हे सेवक तट्टाच्या शेपटीचे केस ठरावीक आकारात कापतात. प्रत्येक अ‍ॅजिस्टरच्या विभागाचा आकार वेगळा. मालकाची ओळख कातडीवरच्या डागाने पटते. उन्हाळा सरताना घोडेस्वार तट्टांना हाकत वाड्यांत कोंडतात, तपासतात, पुन्हा सोडतात. डुकरांची शरदातली फेरीही निरर्थक नाही. हिरवी ओकफळे तट्टांना विषारी असतात, ती डुकरे फस्त करतात. भीमथडीच्या तट्टांविषयी वाचलेल्या वाचकाला या काटक, अल्पसंतुष्ट जनावराचे रूप ओळखीचे वाटेल.

१९४५ मध्ये ही तट्टे सहाशेहूनही कमी उरली होती. पुढे संख्या हजारांत गेली, पण मोटारीही वाढल्या. १९६४ च्या कायद्यानंतर अरण्याच्या हद्दीवर रस्त्यांत लोखंडी जाळ्या बसल्या. खूर अडखळतो, चाक सहज जाते. ए-३१ या महामार्गाला दुतर्फा कुंपण आणि खालून जनावरांसाठी भुयारे झाली. आतले बरेच रस्ते मात्र उघडेच राहिले. तेथे वेगमर्यादा ताशी ४० मैल. १९७१ च्या कायद्यानुसार, हक्काच्या मोकळ्या माळावर जनावर सोडले एवढ्यावरून मालक निष्काळजी ठरत नाही.

सगळ्याच रस्त्यांना कुंपण घातले तर अपघात थांबतील, हे कॉमनरही जाणतात. पण तसे केल्यास माळाचे तुकडे पडतील आणि तट्टांच्या पाण्याच्या, निवाऱ्याच्या वाटा तुटतील. म्हणून ते तट्टांच्या गळ्यात अंधारात चमकणारे पट्टे बांधतात. तरीही दरवर्षी अनेक जनावरे मरतात, विशेषतः दिवस लहान होऊ लागले की. धडक झाली की अ‍ॅजिस्टरला फोन जातो. तो रात्री-अपरात्री येतो. जनावर वाचण्यासारखे नसेल तर त्याच्या वेदना संपवतो, विजेरीच्या उजेडात शेपटीचा आकार आणि डाग पाहतो, आणि मग मालकाचा नंबर फिरवतो.